गणपतीखालचा चेहरा

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका मला विचारतात, आजी, ही चित्रं करायला सामान आणता कुठून? त्यांना वाटतं मी सगळं नेटवरून घेते. नेटवरचं मी फारसं घेत नाही. सुरुवातीला एकदा झेंडूचं फूल घेतलं होतं. फुलामागं राखाडी-पांढरे बारीक चौकोन होते. सून म्हणाली होती, असे चौकोन दिसले की मागचं रिकामं समजायचं, फूल उचलून कुठंही ठेवता येतं. मी उचललं तर चौकोनही बरोबर आले. कोणीतरी ते छापूनच ठेवले होते. तेव्हापासून वस्तू मी स्वतः शोधते आणि फोटोही स्वतः काढते.

पुण्याजवळच्या ह्या चिखलीत वस्तूंना तोटा नाही. भंगाराच्या गोदामांसमोर गंजलेले पत्रे उभे करून ठेवलेले असतात. पावडर कोटिंगच्या वर्कशॉपमागं, रंगवताना वस्तू टांगायचे हुक टाकून दिलेले असतात. त्यांच्यावर इतक्या वेळा रंग बसलेला असतो की एक हुक तोडला तर आत निळा, पिवळा, करडा, परत निळा असे थर दिसतात. शिंप्याकडच्या चिंध्या, साडीचे काठ, मिठाईच्या खोक्याचं झाकण, खोक्यात सामान हलू नये म्हणून घालतात तो भोकाभोकांचा फोम. वस्तू गच्चीवर न्यायची. दिवस ढगाळ बघायचा, कारण उन्हात सावली पडते आणि सावली कापून काढता येत नाही. खाली साधा पांढरा कागद. फ्लॅश लावायचा नाही. फोन वस्तूच्या वर सपाट धरायचा, तिरका धरला तर काठ एका बाजूला रुंद येतो. मग अॅपमध्ये कडेनं बोट फिरवून कापायचं आणि एकावर एक ठेवत जायचं. याला कोलाज म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सुचतं कसं, असंही विचारतात. मला काही सुचत नव्हतं. माझ्याकडच्या फोटोंना भोकं पडली होती आणि ती बुजवायची होती. भोकं कशी पडली ते एकदा लिहून टाकते, म्हणजे कोणी परत विचारायला नको.

आम्ही लातूरकडचे. मालक, म्हणजे माझा नवरा, इकडं पत्र्याच्या कामाला आले आणि मी मागून आले. मालक म्हणायची आमच्याकडं रीत आहे आणि 'ते' लिहायची मला सवय आहे, त्यातून कोणी आदर काढू नये. त्यांनी सगळा जन्म पत्रा मापून कापला. मी चाकणला एका कंपनीत पॅकिंगला होते. मुलगी मोठी, मुलगा धाकटा. मुलगी शिकली, चाकणलाच एका ऑफिसात लागली आणि तिथल्याच एका मुलाशी रजिस्टर लग्न करून दारात उभी राहिली. तो आमच्या जातीतला नव्हता. मालकांनी दार उघडलं, दोघांकडं बघितलं आणि दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. नंतरही कधी तिचं नाव घेऊन शिवी दिली नाही. नावच घेतलं नाही.

मी तिला भेटत होते. निगडीच्या बस टर्मिनसवर सावलीतलं एक बाकडं होतं, तिथं आम्ही बसायचो. ती रावेतहून यायची, मी चिखलीहून. पुढं तिला मुलगी झाली, तिलाही घेऊन यायची. मी डब्यातून धपाटे न्यायचे. माझ्याकडं तेव्हा बटणांचा फोन होता. फोटो काढावा असं तिलाही सुचलं नाही, मलाही नाही. समोर बसलेल्या माणसाचा कशाला फोटो काढायचा?

मग मुलाचं लग्न ठरवायची वेळ आली. आमच्याकडं मुलीकडचे लोक घर बघायला आले की चहा होतो, आणि चहानंतर अल्बम काढतात. आजोबा कोण, आत्या कुठं दिली, घरात माणसं किती, हे सगळं अल्बमवरूनच बोललं जातं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी पहिली शिफ्ट करून घरी आले तर अल्बम पलंगावर होता आणि मालक हात धूत होते. उघडून बघितला. जिथं जिथं मुलगी होती तिथं गणपती चिकटवलेला.

हे गणपती लग्नपत्रिकांवरचे. लग्न होऊन गेलं की पत्रिका रद्दीत जाते, पण देव रद्दीत कसा टाकायचा, म्हणून गणपती तेवढा कापून ठेवायचा आणि पुढंमागं नदीत सोडायचा. आमच्या घरी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असल्या गणपतींनी भरलेला होता. सोनेरी, लाल, पानातला, शंखातला. मालकांनी मापात बसतील तसे निवडून लावले होते. दिवाळीच्या फोटोत सासूबाईंच्या शेजारी पानातला गणपती उभा, आणि त्याच्या मागून निघालेला एक हात सासूबाईंच्या खांद्यावर. तो हात काढायचा तर सासूबाई कापल्या गेल्या असत्या. मालकांच्या आईचे फोटो तेवढेच होते, म्हणून अख्खे फोटो टाकून देता येत नव्हते.

मी विचारलं, हे काय केलंत?

"झाकलं," ते म्हणाले. "पाहुणे अल्बम बघतेत. ही कोण म्हणून विचारलं तर काय सांगावं?"

झाकलं म्हणाले, तर मी धरून चालले की खाली आहे. गणपतीखाली माझी मुलगी आहे, आज ना उद्या वरचा कागद काढता येईल. इतकी वर्षं मी तसंच धरून चालले. नख लावून कधी बघितलं नाही. देवाला नखानं खरवडायची माझी हिंमत नव्हती, आणि घरात दुसऱ्या कोणाचीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी अल्बम बघितला. लग्नाच्या मुलीच्या आईनं प्रत्येक गणपतीला हात लावून छातीला लावला आणि घर देवाधर्माचं आहे म्हणाली. लग्न जमलं. तीच माझी सून.

मुलगी डेंग्यूनं गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, पेशी खाली गेल्या आणि परत वर आल्या नाहीत. मला जावयानं कळवलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. मी गेले, शेवटपर्यंत होते. मालक आले नाहीत. मी घरी आले तेव्हा त्यांनी आंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि जावयाचा फोन आला. नात चौथीत होती. जावई म्हणाला, ती सारखी विचारते, आई माझ्याएवढी होती तेव्हा कशी दिसायची? तिच्या आईचे मोठेपणीचे फोटो आहेत पुष्कळ, लहानपणीचा एकही नाही. माझी मुलगी घरातून निघाली होती ती नेसत्या कपड्यांनी.

"असतील का हो आई तुमच्याकडं?"

"आहेत की," मी म्हणाले. "अल्बम भरून आहेत. तिला घेऊनच या."

"आणि बाबा?"

"त्यांचं मी बघते."

मालकांना सांगितलं की नात येणार आहे. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि परत वाढवला. येऊ दे म्हणाले.

मी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं. डिंकानं चिकटवलेला कागद वाफेवर सुटतो हे मला पॅकिंगच्या कामामुळं माहीत होतं. आधी देवाला नमस्कार केला, मग दिवाळीचा फोटो वाफेवर धरला. पानातला गणपती एका कोपऱ्यातून सुटत आला. मी हळूच ओढला. खाली भोक होतं. मला आधी कळलंच नाही. फोटोच्या मागं मी धरलेला अंगठा मला त्यातून दिसत होता आणि मी त्याच्याकडं बघत राहिले. मग दुसरा फोटो घेतला, मग तिसरा. सगळे गणपती निघाले. सगळ्यांखाली भोकं. कापलेलं मात्र सुबक होतं. वेणीच्या कडेनं, कानाच्या कडेनं, फ्रॉकच्या फुगीर बाहीच्या कडेनं पातं बरोबर वळत गेलेलं. कुठंही फाटलेलं नव्हतं.

मी फोटो त्यांच्यापुढं नेऊन ठेवले. म्हटलं, झाकलं म्हणाला होतात.

"कोणी नख लावलं असतं तर?" ते म्हणाले.

"तुकडे कुठं आहेत?"

"घंटागाडीत गेले. तेव्हाच."

निगेटिव्ह असत्या तर प्रश्न नव्हता. त्या पोरांनी कधीच ग्रहण बघायला कापून नेल्या होत्या, त्यात माझी मुलगीही होती.

सून निगडीला एका फ्लेक्सच्या दुकानात काम करते. वाढदिवसाचे, नियुक्तीचे, श्रद्धांजलीचे बोर्ड बनवते. ती घरी आली तेव्हा मी जमिनीवर फोटो पसरून बसले होते आणि गणपती एका ताटात वाळत घातले होते. तिनं विचारलं तसं मी सगळं सांगितलं. कोणासाठी कापले तेही सांगितलं. ती खाली बसली आणि म्हणाली, "आई, मी पण ह्या गणपतींना नमस्कार केला होता." मी म्हटलं, तुला काय माहीत. ती म्हणाली, माहीत असतं तर माझ्या आईनं लग्न मोडलं असतं. बहुतेक मोडलंच असतं. आमचं दोघींचं त्यावर तेवढंच बोलणं झालं.

मग ती म्हणाली, दुसऱ्यांकडं शोधा. आपल्या घरातले कापले, लोकांच्या घरातले कोण कापतंय?

मी शोधायला निघाले. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडं बारशाचा अल्बम होता, त्यात माझी मुलगी सापडली, पण पाठमोरी. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि पाळण्यात वाकून बघणारी मान. त्या बाई म्हणाल्या, तुमच्याच घरी एवढा मोठा अल्बम होता की, आमच्यात काय शोधता? मी म्हणाले, आमच्यातले नवऱ्यानं कापले. मग त्यांनी माळ्यावरचे उरलेले अल्बमही काढून दिले. त्यात काही नव्हतं.

आधी आम्ही राहायचो तिथली एक शेजारीण आता रावेतला मुलाच्या फ्लॅटमध्ये असते. तिच्याकडं तिच्या मुलाच्या वाढदिवसाचा फोटो होता. केकच्या मागं माझी मुलगी उभी, आणि नेमका तोंडापुढं फुगा. कपाळ दिसतं, एक डोळा दिसतो. शेजारीण म्हणाली, फुगा कोणी धरला होता तो, मेल्यानं. तिच्याच मुलानं धरला होता.

शाळेत वर्गाचा फोटो मिळाला. माझी मुलगी मागच्या ओळीत, चेहरा तिळाएवढा. सुनेनं तो कॉम्प्युटरवर मोठा केला. मोठा करत गेलं की चेहरा जवळ यायच्या ऐवजी नुसते चौकोन होत गेले. एक तपकिरी चौकोन म्हणजे डोळा, म्हणाली.

त्या दिवसांत मी तिच्या दुकानात जाऊन बसायचे. तिच्या कॉम्प्युटरमध्ये सगळं सामान कप्प्याकप्प्यानं लावलेलं असतं. वाघ वेगळे, तलवारी वेगळ्या, हार, फेटे, सोन्याचे रथ, ढग. एका कप्प्यात नुसती धडं. पांढऱ्या कपड्यातली, कोटातली, हात जोडलेली, हात वर केलेली. गिऱ्हाईक पासपोर्टचा फोटो आणतं, ही तो चेहरा धडावर बसवते आणि मानेचा रंग जुळवते. गिऱ्हाईक विचारतं, पोट जरा कमी करता येईल का? ही म्हणते, येईल की, ह्या धडांत सगळ्यांचं कमीच आहे. मी बघत बसायचे. इथं धडं तयार होती आणि चेहरे येत होते. माझ्याकडं सगळी माणसं होती, घर होतं, दिवाळीची पणती होती आणि मधे तेवढं रिकामं.

तिनं मला फोनवर कापायला शिकवलं. माझं बोट जाड, कडेच्या बाहेर जायचं. ती म्हणायची, आई, भाकरी थापताय का? मी म्हणायचे, तू भाकरी थापून दाखव, मग बोल. पण जमायला लागलं. शिवणयंत्राच्या झाकणाला मी मुलीच्या जुन्या फ्रॉकचं पिवळं कापड लावलं होतं, त्याचा गच्चीवर फोटो काढला आणि दिवाळीच्या भोकात भरला. बरोबर बसला. भोकाच्या आकाराची पिवळी मुलगी झाली, चेहरा नसलेली. दुसऱ्यात गंजलेला पत्रा घातला, त्या रंगाचं तिचं एक परकर-पोलकं होतं. माणसांमधे पत्र्याची पोर उभी राहिली. सून म्हणाली, भीती वाटते बघून. मला वाटली नाही.

मग माझं लक्ष हातांकडं गेलं. चेहरा, मान, छाती सगळं गेलं होतं, पण जिथं तिनं दुसऱ्या कोणाला हात लावला होता तिथं तो हात सुटला होता. सासूबाईंच्या खांद्यावरचा. माझ्या पदराला धरलेला, नुसती तीन बोटं. भावाच्या डोक्यामागं दोन बोटांची शिंगं केलेली. एका फोटोत बुटाचं टोक. मी ते सगळे कापून एकत्र आणले. पाठमोऱ्या वेण्या वर, फ्रॉकचं कापड मधे आणि कडेनं हात. हे खरं होतं. ह्यातलं दुसऱ्या कोणाचं काहीच नव्हतं. नातीला हे दाखवायचं मी ठरवलं.

सुनेला ते पुरेसं वाटत नव्हतं. तिनं फुग्यामागचा डोळा, शाळेतला तिळाएवढा चेहरा आणि नातीचा आत्ताचा फोटो असं तिन्ही एआयमध्ये टाकलं आणि एक दिवस माझ्यापुढं फोन धरला. एक मुलगी होती. गोरी, गाल भरलेले, दात एकसारखे, डोळ्यांत उजेड.

"ही कोण?" मी म्हणाले.

"ताई. लहानपणीच्या."

"तू तिला कधी बघितलं होतंस?"

"नाही," ती म्हणाली. "पण आई, लेकराला तोंड पाहिजे. तुम्ही तिला हात देणार. हात कोण बघतं?"

मी फोन घेऊन पुष्कळ वेळ त्या मुलीकडं बघत बसले. नाक चुकलं होतं, कपाळ चुकलं होतं, आणखी काय काय चुकलंय ते मी एकेक करून शोधत होते. मग काढून टाक म्हणाले. तिनं माझ्यासमोर काढून टाकलं.

रविवारी जावई नातीला घेऊन आला. तो चपला काढून दाराजवळच्या खुर्चीवर बसला, आत आला नाही. मालक त्यांच्या नेहमीच्या जागी होते. नातीला आजोबांच्या पाया पडायला कोणीतरी शिकवून पाठवलं होतं, ती पडली. त्यांनी हात वर केला आणि तो कुठं ठेवायचा ते न कळून परत मांडीवर ठेवला.

मी तिला जवळ बसवून माझ्या फोनमधलं चित्र दाखवलं. तिनं ते बोटांनी मोठं करून बघितलं. शिंगं बघून हसली. कोणाच्या डोक्यावर आहेत विचारलं, मी मामाच्या म्हणाले, तर आणखी हसली. मग आपला तळवा चित्राशेजारी धरून बोटं बघितली.

"पण तोंड?" ती म्हणाली.

"नाही सापडलं."

"आहे ना आजी. मामीनं पाठवलाय." तिनं स्वतःचा फोन काढला. तीच मुलगी फोनच्या स्क्रीनवर लावलेली होती, वर चांदण्या आणि मधे 'माझी आई' लिहिलेलं. सून स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. माझ्यासमोर काढून टाकायच्या आधीच तिनं ते पाठवलं होतं.

जावई माझ्याकडं बघत होता. बोलू नका, असं त्याचं म्हणणं चेहऱ्यावर होतं. मला तसं येत नाही.

"ही तुझी आई नाही," मी म्हणाले.

"मग कोण आहे?"

"कोणी नाही. मशीननं काढलेली आहे."

तिनं फोन मांडीवर उपडा ठेवला. रडली नाही. म्हणाली, "मग खरी कशी होती?"

मी सांगायला लागले. म्हणाले, गोरी होती, गाल भरलेले, दात कसे एकसारखे, आणि थांबले. माझी मुलगी गोरी नव्हती. मी त्या चित्राचं सांगत होते. मी डोळे मिटले, परत आठवायला बघितलं. बस टर्मिनसवरची मोठी झालेली आली, दवाखान्यातली आली. लहान जी येत होती ती मशीनची होती. तिला बाजूला केलं की मागं काही नव्हतं. चुका शोधता शोधता मी तिलाच पाठ करून बसले होते. नात माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काळी होती," मालक म्हणाले.

त्यांनी टीव्हीकडं बघतच म्हटलं. टीव्ही बंद होता.

"सावळी न्हवं, काळी. माझ्यावर गेलती. डाव्या भुवईत एक खाच होती, तिथं केस येत नव्हते. झोक्यावरून पडली होती. वरचे पुढचे दोन दात एकावर एक. ते दिसू नयेत म्हणून फोटोत ओठ घट्ट मिटायची, मग हनुवटीला खड्डे पडायचे, लिंबावर असतेत तसले. कान मोठे. उजवा जास्त बाहेर."

ते म्हणत गेले तसं मला एकेक दिसायला लागलं. खाच दिसली. दात दिसले.

"आजोबा, तुम्हाला एवढं कसं आठवतं?" नात म्हणाली.

"कापताना नीट बघावं लागतं. पातं कडेनं न्यायचं तर नजर हलवून चालत नाही."

"काय कापताना?"

"तुझ्या आईचे फोटो," ते म्हणाले. "मीच कापले. सगळे."

"का?"

"तुझ्या मामाचं लग्न जमवायचं होतं."

सुनेनं ट्रे जमिनीवर ठेवला आणि आत गेली. जावई उठला आणि मुलीला चल म्हणाला. तो रागानं नाही, थकून म्हणाला. मुलगी दाराकडं गेली नाही. ती आजोबांच्या खुर्चीकडं गेली आणि उपडा फोन सरळ करून त्यांच्या हातात दिला.

"ह्यात कुठं कुठं चुकलंय ते दाखवा," ती म्हणाली.

त्यांना असला फोन वापरायची सवय नाही. खाच दाखवायला त्यांनी डाव्या भुवईवर बोट टेकवलं तर चित्र सरकून दुसरंच काही आलं. तिनं परत आणलं. त्यांनी कानावर बोट ठेवलं, परत सरकलं. ती प्रत्येक वेळी परत आणत होती आणि ते प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगत होते, काळी, खाच, दात, हनुवटी. त्यांचा आवाज जराही हलला नाही. जावई दारात तसाच उभा होता.

मी त्यांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. तरी त्या दिवशी मी खुर्ची जवळ ओढून बसले. तो चेहरा आता घरात फक्त त्यांच्याकडं होता, आणि मलाही बघायचा होता.